खळं लांब, पाऊस जवळ

चंद्राला खळं पडलं की गावातली म्हातारी माणसं आधी ते चंद्रापासून किती लांब आहे ते बघतात. खळं लांब तर पाऊस जवळ, खळं जवळ तर पाऊस लांब, असा त्यांचा हिशेब. ऐकायला शब्दांचा खेळ वाटतो, पण ही खळी मुळात दोन वेगळ्या जातींची असतात.

हात सरळ पुढे ताणा, पंजा फाका आणि अंगठ्याचं टोक चंद्रावर ठेवा. करंगळी वलयाच्या आसपास टेकली तर ते मोठं खळं. त्याचं माप ठरलेलं, चंद्रापासून 22 अंश. खूप उंचावरच्या पातळ ढगांत बर्फाचे षटकोनी स्फटिक असतात. त्यांतून जाताना चंद्रप्रकाश वळतो आणि तेवढ्या अंतरावर दाटतो. असे ढग पुष्कळदा पावसाळी ढगांच्या पुढे पसरत येतात. चंद्राला बिलगलेलं रंगीत वलय मात्र बहुधा विरळ ढगातल्या पाण्याच्या बारीक थेंबांचं. त्यातून पाऊस यायलाच हवा असं नाही. जुन्या माणसांना अंश ठाऊक नव्हते, फरक ठाऊक होता. अर्थात मोठं खळं पडूनही आठवडा कोरडा जातो, हेही त्यांनी पाहिलेलं असतं. ते सांगत नाहीत एवढंच.

पावशाचं निराळं. ‘पेरते व्हा’ म्हणून तो घसा फोडतो, तो त्याचा विणीचा हंगाम. मादीला अंडी घालायला सातभाईंची घरटी हवी असतात, आपल्या पेरणीशी तिला कर्तव्य नाही. तो ऋतू सांगतो, तारीख नाही. चातक आफ्रिकेतून मोसमी वाऱ्यांबरोबर येतो हे खरं. पण दक्षिण भारतात काही चातक बारमाही राहतात, तेव्हा तो दिसला म्हणजे मान्सून आला असं नव्हे.

बुलढाण्यातल्या भेंडवळच्या घटमांडणीला मात्र मी या रांगेत बसवणार नाही. अक्षय्य तृतीयेला शेतात मांडलेलं धान्य रात्रीतून इकडचं तिकडे झालं, याचा पुढच्या चार महिन्यांच्या पावसाशी कसलाही कार्यकारणसंबंध दाखवता येत नाही. खळ्यात निदान ढग तरी असतो.

मृग 7-8 जूनला लागतो, पावशा त्याआधीच ओरडू लागतो आणि पहिल्या सरीला हात शिवशिवतात. दुबार पेरणीचं संकट तिथेच उभं राहतं. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरा, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. तेवढा होईस्तोवर चाड्यावर मूठ धरू नका.