आधी पत्ता वाचावा, मगच क्लिक करावे

प्रतिनिधी

निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला, बँकेचा खातेउतारा, प्राप्तिकराचे विवरणपत्र, विजेचे बिल आणि परदेशी असलेल्या नातवंडांची छायाचित्रे, असे सारे काही आता संगणकाच्या पडद्यावर येऊन ठेपले आहे. साहजिकच साठी-सत्तरीच्या घरातील अनेकांना ई-मेल आणि इंटरनेट वापरण्यावाचून पर्याय उरलेला नाही. खाते उघडून देण्याचे काम घरातील तरुण मंडळी करून देतात. मात्र, त्यामागची साधी तत्त्वे समजावून सांगण्याइतका वेळ कोणापाशी नसतो. परिणामी, एखादे बटण नाहीसे झाले किंवा एखादा अनोळखी संदेश आला की ज्येष्ठ मंडळी गोंधळतात आणि या गोंधळाचाच फायदा भामटे घेतात.

शोधणे वेगळे, पोहोचणे वेगळे

क्रोम, एज, फायरफॉक्स हे ब्राउजर आहेत. संकेतस्थळे उघडून पाहण्याचे ते साधन. गुगल ही माहिती शोधून देणारी सेवा आहे, तर जीमेल ही टपालसेवा. हे तिन्ही एकच आहे, असा अनेकांचा समज असतो. त्यामुळे बँकेचे संकेतस्थळ उघडायचे असले तरी बँकेचे नाव गुगलमध्ये टाकले जाते आणि जो पहिला दुवा दिसेल त्यावर क्लिक केले जाते. वस्तुतः शोधाच्या निकालात सर्वांत वर बहुधा जाहिराती असतात. त्यांवर 'प्रायोजित' असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. बनावट संकेतस्थळे आणि खोटे 'कस्टमर केअर' क्रमांक याच मार्गाने समोर येतात.

यावर उपाय सोपा आहे. बँकेचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक पासबुकावरून किंवा एटीएम कार्डाच्या मागील बाजूवरून घ्यावा. पत्ता ब्राउजरच्या वरच्या पट्टीत एकदा नीट टाइप करावा आणि पान उघडल्यावर 'कंट्रोल' व 'डी' या कळा एकत्र दाबाव्यात. तो पत्ता 'बुकमार्क' म्हणून जपला जातो. पुढच्या वेळी शोधण्याची गरजच उरत नाही.

पत्ता कसा वाचावा?

रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार भारतातील बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर नेण्यास सांगण्यात आले. हे पत्ते फक्त बँकांनाच मिळतात. केंद्र व राज्य सरकारच्या बहुतेक संकेतस्थळांचा शेवट 'डॉट गव्ह डॉट इन' किंवा 'डॉट एनआयसी डॉट इन' असा होतो.

येथे 'शेवट' हा शब्द महत्त्वाचा. संकेतस्थळाच्या नावानंतर येणारी पहिली तिरपी रेघ शोधावी आणि तिच्या लगतचे शब्द वाचावेत. रेघ नसेल, तर पत्त्याचे शेवटचे शब्द पाहावेत. समजा, आपली बँक 'अबक' आहे. 'अबक डॉट बँक डॉट इन' हा पत्ता बँकेचा. पण 'अबक डॉट बँक डॉट इन डॉट चछज डॉट कॉम' असा पत्ता असेल, तर तो 'चछज' नावाच्या कोणा भलत्याचाच आहे. बँकेचे नाव त्यात केवळ फसविण्यासाठी घुसविलेले असते.

कुलपाच्या चिन्हावर मात्र विसंबू नये. त्याचा अर्थ एवढाच, की आपला संगणक व ते संकेतस्थळ यांच्यातील मजकूर वाटेत कोणी वाचू शकत नाही. समोरचा प्रामाणिक आहे, याची ती हमी नव्हे. क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याशेजारचे ते चिन्ह बदलले, त्यामागे हा गैरसमज हेही एक कारण होते.

हाच नियम ई-मेललाही लागू होतो. पत्र पाठविणाऱ्याचे नाव कोणीही, काहीही लिहू शकतो. नावाशेजारील किंवा त्याखालील छोट्या बाणावर क्लिक केल्यास खरा पत्ता दिसतो. '@' या चिन्हानंतरचा भाग वाचावा. बँकेच्या नावाने आलेले पत्र साध्या जीमेलच्या पत्त्यावरून आलेले असेल, तर ते न उघडता काढून टाकावे.

खाते आपले, क्रमांकही आपलाच

पासवर्ड विसरल्यास तो नव्याने मिळविण्यासाठी जो मोबाइल क्रमांक नोंदविलेला असतो, तो अनेकदा मुलाचा किंवा बंद पडलेला असतो. अडचणीच्या वेळी खाते कायमचे हातचे जाण्याचे हे प्रमुख कारण. खात्याच्या 'सिक्युरिटी' विभागात जाऊन तेथे आपला चालू क्रमांक आहे ना, याची खात्री करून घ्यावी. शिवाय, सलग दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते काढून टाकण्याचे धोरण गुगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले आहे. जुने खाते अधूनमधून उघडणे म्हणूनच हिताचे.

पत्रे येणे अचानक थांबले, तर जागा संपली आहे का, ते पाहावे. गुगलची मोफत जागा सर्वसाधारणपणे १५ जीबी असते आणि पत्रांबरोबरच छायाचित्रेही तिच्यात मोजली जातात. अपेक्षित पत्र दिसत नसेल, तर 'स्पॅम'मध्ये शोधावे. चुकून काढून टाकलेले पत्र 'ट्रॅश'मध्ये ३० दिवस राहते.

छोट्या अडचणी, छोटे उपाय

अक्षरे बारीक दिसत असल्यास 'कंट्रोल' दाबून अधिकचे चिन्ह दाबावे. शून्य दाबल्यास अक्षरे पूर्ववत होतात. वरची पट्टी गायब झाली, तर 'एफ ११' ही कळ दाबावी. चुकून बंद झालेले पान 'कंट्रोल', 'शिफ्ट' व 'टी' या कळा एकत्र दाबल्यास परत येते. एखादे संकेतस्थळ सूचना पाठविण्याची परवानगी मागू लागले, तर 'ब्लॉक' म्हणावे. पडद्याच्या कोपऱ्यात सतत उगवणाऱ्या जाहिरातींचे मूळ बहुधा या परवानगीतच असते.

'तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे, या क्रमांकावर त्वरित फोन करा' असा इशारा पडदाभर झळकला, तर घाबरू नये. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात दूरध्वनी क्रमांक कधीच नसतो. 'एस्केप' कळ काही क्षण दाबून धरावी. तरीही उपयोग न झाल्यास संगणक सरळ बंद करावा. फोन मात्र करू नये आणि कोणाच्या सांगण्यावरून संगणकाचा ताबा देणारे ॲपही उतरवून घेऊ नये.

पैसे गेलेच, तर संकोच बाळगू नये. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर आणि आपल्या बँकेत तातडीने कळवावे. रक्कम पुढच्या खात्यात वळविली जाण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तर ती गोठविता येण्याची शक्यता अधिक असते. लाजेपोटी घालविलेला प्रत्येक तास भामट्याच्या पथ्यावर पडतो.

घरातील तरुणांनाही एक विनंती. पुढच्या भेटीत आई-वडिलांच्या संगणकापाशी अर्धा तास बसावे, मोबाइल क्रमांक तपासावा, बँक आणि निवृत्तिवेतनाचे पत्ते जपून ठेवावेत. मात्र, माउस त्यांच्याच हाती राहू द्यावा.