कोंबडीच्या पिल्लाला नंबर लागतो तेव्हा

“मोबाइल बघून बघून नंबर वाढला!” घरोघरी चालणारं हे वाक्य. पण वाढतं नेमकं काय? डोळाच. जन्मतः साधारण 17 मिलिमीटर लांबीचा डोळा मोठेपणी 24 च्या आसपास थांबायला हवा. त्यापुढे एक मिलिमीटर सरकला, की मायनस अडीच-तीन नंबर लागलाच म्हणून समजा.

1977 साली टॉर्स्टन वीझल आणि एलिओ राव्हिओला यांनी माकडाच्या पिल्लांच्या पापण्या शिवून पाहिल्या. स्पष्ट चित्र दिसेनासं झालेला डोळा लांबत गेला! वीझलना 1981 मध्ये नोबेल मिळालं, पण ते मेंदूवरच्या कामासाठी.

मग पाळी आली कोंबड्यांची. 1988 मध्ये फ्रँक शेफेल आणि सहकाऱ्यांनी पिल्लांना चक्क चष्मे चढवले. मायनस भिंग लावलं की डोळा लांबायचा, प्लस लावलं की वाढ मंदावायची. माणूस डोळ्याच्या मापाचा चष्मा करतो, पिल्लांनी चष्म्याच्या मापाचा डोळा बेतला. त्याआधीच, 1987 मध्ये न्यूयॉर्कच्या जोश वॉलमन यांच्या चमूने पिल्लांचा अर्धाच डोळा झाकला होता. फुगला तोही तेवढाच भाग! मेंदूकडे जाणारी नस कापली तरी हा कारभार चालूच राहतो. वरच्या साहेबाची सही लागतच नाही. डोळ्यातला पडदा परस्पर हुकूम सोडतो.

तो हुकूम बजावतात विकरं, म्हणजे एंझाइम्स. डोळ्याची पांढरी भिंत मुख्यतः कोलॅजेनच्या चिवट धाग्यांची. ते कुरतडण्यात हात असलेल्यांपैकी एक मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटीनेज-2. नाव घेताना जीभ अडखळते, म्हणून प्रयोगशाळेत नुसतं एमएमपी-2. हे घराणं पहिल्यांदा सापडलं 1962 मध्ये, आणि कुठे, तर बेडकाच्या पिल्लाच्या झडणाऱ्या शेपटीत! शेपूट विरघळवणाऱ्यांचेच भाऊबंद आपल्या डोळ्यात डागडुजी करतात.

त्यांना पकडायची युक्तीही झकास. जेलीत असतं तेच जिलेटिन घालून एक पातळ थर करायचा, त्यातून नमुना सरकवायचा आणि सगळं निळं रंगवायचं. विकराने जिथे जिलेटिन फस्त केलं, तिथे रंगच चढत नाही. चोराच्या पावलांचे ठसे तेवढे पांढरे. हा निळा रंग, कूमासी, मुळात लोकरीचा. नाव आलं आजच्या घानातल्या कुमासी शहरावरून.

खारीसारख्या दिसणाऱ्या ट्री श्रू या प्राण्याचा डोळा झाकला, की भिंतीत कामाला लागलेलं एमएमपी-2 वाढतं, नवं कोलॅजेन कमी बनतं, भिंत पातळ आणि सैल पडते. मग आतल्या दाबाने डोळा हळूहळू ताणला जातो. झाकण काढलं की पाडकाम आवरतं. कोंबडीचं तंत्र वेगळं: तिच्या डोळ्याच्या भिंतीत कूर्चेचा थर असतो आणि तो खरोखरच वाढतो. तेव्हा कोंबडीचा निकाल माणसाला सरसकट लावायचा नाही.

आणि अ‍ॅट्रोपीन! शंकराला वाहतात त्या धोतऱ्यातही सापडणारं हे विष. त्याचे 0.01 टक्क्यांइतके सौम्य थेंबही मुलांचा नंबर रोखण्यासाठी वापरले जातात. पूर्वी वाटायचं, ते फोकस करणारा स्नायू सैल करत असावं. पण कोंबडीचा तो स्नायू अ‍ॅट्रोपीनला दादच देत नाही, तरी तिचा नंबर मात्र रोखला जातो. थेंब नेमका कुणाचे कान उपटतो, यावर प्रयोगशाळांत अजून खल चालू आहे.