गाडीचा चातुर्मास

मे महिना संपत आला की आपल्या घराघरांत एकच धांदल असते. पापड-कुरडया डब्यात भरायच्या, गहू-तांदूळ निवडून ठेवायचे, डाळींना तेलाचा हात लावायचा, गाद्या-रजया एकदा कडक उन्हात टाकायच्या. कोकणातल्या मैत्रिणी तर आगोटीच्या तयारीत मान वर करत नाहीत. या सगळ्या बेगमीत दारातली गाडी मात्र कुणाच्या यादीत नसते. ते 'ह्यांचं खातं'! आणि 'ह्यांना' वाटतं, गाडीला काय करायचंय, ती तर नुसती उभी राहणार आहे.

पुण्यात अशा नुसत्या उभ्या राहणाऱ्या गाड्या आता गल्लोगल्ली दिसतात. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असली, की आई-वडील मे-जूनमध्ये जातात आणि दिवाळीच्या आगेमागे परततात. पाहुण्यांच्या व्हिसावर तिथे साधारण सहा महिन्यांपर्यंतच राहता येतं, म्हणून हा हिशेब ठरलेला. नेमका सगळा पावसाळा गाडी झाकून पडलेली. तालुक्याच्या गावीही वेगळं काही नाही. लेक नोकरीला पुण्यात आणि त्याची मोटारसायकल गावी ओसरीत, हे चित्र तुमच्याकडेही असेल.

ज्येष्ठांच्या घरी जाऊन त्यांची बँकेची, औषधांची कामं करायची, असं आम्हा काही जणींचं बरीच वर्षं चाललंय. त्यात ओळख झालेल्या एक काकू गेल्या वर्षी अशाच सहा महिन्यांनी परतल्या. आठवड्याच्या आत एका रात्री काकांच्या छातीत कळ आली. काकू स्वतः उत्तम गाडी चालवतात. पण किल्ली फिरवली तर गाडी हूं की चूं करेना! १०८ ची रुग्णवाहिका वेळेत आली म्हणून निभावलं. नंतर काकू मला म्हणाल्या, "अगं, गाडी वापरलीच नाही, मग ती बिघडेल कशी?"

प्रश्न अगदी बरोबर आहे, पण उत्तर उलटं आहे. गाडी वापरली नाही म्हणूनच बिघडते. बंद गाडीतही घड्याळ, चोरांसाठीची घंटी असली बारीकसारीक यंत्रणा बॅटरीतून थेंब थेंब वीज पीतच असते. शिवाय बॅटरी आपली आपणही उतरते. एकाच जागी भार पडून टायर चपटे होतात. दमट हवेनं ब्रेकला गंज धरतो. पेट्रोल शिळं होतं. आता आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा दोन-अडीच महिन्यांत कितीतरी गाड्यांच्या बॅटऱ्या बसल्या, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. इथे तर सहा महिने, आणि तेही पावसाळ्याचे.

गंमत म्हणजे गाडी नीट ठेवायला जे कळावं लागतं ते आपल्याला आधीच कळतं. ओलं काही ठेवायचं नाही, खरकटं ठेवायचं नाही, कोंडून ठेवायचं नाही. लोणच्याची बरणी भरताना आपण दुसरं काय करतो?

म्हणून पहिलं काम धुण्याचं. वरून चकचकीत नव्हे, तर खालून. चाकांच्या वरच्या खोबणीत चिखल साठतो, तो ओला राहतो आणि तिथूनच पत्रा खातो. धुतल्यावर गाडी थोडी फिरवून आणायची, म्हणजे ब्रेकही कोरडे होतात. पायाशी असलेल्या जाजमा काढून घरात वाळवून ठेवायच्या. सीटच्या फटींत नातवंडांनी सांडलेले चुरमुरे आणि बिस्किटांचा चुरा असतो, तो ब्रश घालून काढायचा. उंदराला आमंत्रण तिथूनच जातं. एकदा का उंदीर किंवा घूस इंजिनात शिरली, की वायरी कुरतडते आणि चिंध्या-कागद आणून घरटं करते. ते तसंच ठेवून गाडी सुरू केली तर आगसुद्धा लागू शकते. सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा घालतात, तो चांगलाच उपाय. पण त्याला लाल रिबिनीचं लांब शेपूट बांधा आणि स्टिअरिंगवर चिठ्ठी चिकटवा, 'सायलेन्सरमधला बोळा काढणे'. सहा महिन्यांनी कुणाला आठवतंय!

गाडीवर प्लॅस्टिकचा कागद घालायची फार सवय आहे आपल्याकडे. तो नको. आत वाफ धरते आणि सीटवर पांढरी बुरशी येते, अगदी बंद डब्यातल्या गरम पोळ्यांसारखं. छपराखाली गाडी असेल तर सुती, हवा जाणारं कव्हर पुरे.

आता बॅटरी. हे काम मेकॅनिकचं म्हणून सोडून देऊ नका. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा एक पाना लागतो, बस्स. आधी ऋण टोक सोडवायचं (उणे चिन्हाचं, बहुधा काळी वायर), आणि परत जोडताना तेच शेवटी जोडायचं. एवढा एक क्रम पाठ करा. टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमलेली असते, ती गरम पाण्यात खायचा सोडा कालवून त्यानं धुवायची, कोरडी करायची आणि वर थोडं व्हॅसलीन लावायचं. भुकटी आम्लाची असते, तेव्हा हातमोजे घाला. बॅटरी सोडवली की रिमोट चालत नाही, म्हणून दार किल्लीनं उघडतंय ना, ते आधी बघून ठेवा.

हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही. ब्रेक आतल्या आत गंजून चिकटतात आणि परत आल्यावर चाक फिरतच नाही. सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांच्या पुढेमागे विटा लावायच्या. टायरमध्ये हवा दोन-तीन पॉइंट जास्त, पेट्रोलची टाकी भरलेली. टाकी रिकामी असली की वरच्या पोकळीत दमट हवा राहते. स्कूटर-मोटारसायकल असेल तर मधल्या स्टँडवर लावा. जुन्या गाड्यांना पेट्रोलचा कॉक असतो, तो बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सुकून चिकटा धरत नाही.

शेजाऱ्यांना 'जरा अधूनमधून स्टार्ट करा हं' सांगून जाणं ही तर आपली खास पद्धत. तो बिचारा दर रविवारी दोन मिनिटं घर्र घर्र करून बंद करतो. त्यानं बॅटरी चार्ज तर होत नाहीच, उलट सुरू करताना खर्च झालेली वीजही भरून येत नाही. चालवायचीच तर पंधरवड्यातून वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर फिरवून आणायला सांगा. ते जमणार नसेल तर बॅटरी सोडवून ठेवलेली बरी.

एका गोष्टीवर मात्र मी जरा कडक बोलणार आहे. कव्हरच्या खोळीत, अंगणात टाकलेल्या जुन्या टायरमध्ये, गाडीशेजारच्या बादलीत पावसाचं पाणी साठतं आणि डेंग्यूचा डास नेमका असल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पाणी ओतून दिलं तरी अंडी कडेला चिकटून कोरडी कित्येक महिने टिकतात, म्हणून घासायला हवं. पुण्यात महापालिका अशा जागा शोधून नोटीस देते, दंडही करते. पण दंड मालकाला, आणि ताप शेजारच्या बाळाला. गाडी आपली असली तरी डबकं सगळ्या वाड्याचं असतं. जाताना कव्हर ताणून बांधा, आणि आठवड्यातून एकदा बघायला कुणाला तरी सांगून जा.

गाडी कुठे उभी आहे, हेही पाहायचं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा सोसायट्यांमधल्या गाड्या काडेपेट्यांसारख्या वाहून एकमेकींवर चढल्या होत्या. माणसंही गेली. २५ जुलै २०२४ ला मुठेचं पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरलं, तेव्हाही पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. तळघर किंवा नदी-ओढ्याकाठचं पार्किंग असेल तर गाडी नातेवाइकाच्या उंचावरच्या अंगणात नेऊन ठेवा. बुडालेली गाडी कुणीही सुरू करून बघायची नाही. इंजिनात पाणी खेचलं जातं आणि त्या नुकसानीला साधा विमा बहुधा हात वर करतो. विम्याची तारीख परदेशात असताना उलटणार असेल तर आधीच नूतनीकरण करा. मुदत संपून ९० दिवस गेले की वर्षानुवर्षं साठलेली बोनसची सवलत जाते. ही कागदपत्रं कुठल्या कपाटात आहेत, हे घरातल्या बाईला ठाऊक हवं. मी भेटते त्या दहातल्या आठ जणींना ते ठाऊक नसतं.

काकूंनी तिकडची एक गोष्ट सांगितली. त्यांच्या मुलाच्या शेजाऱ्यांकडे कॅम्पर व्हॅन आहे, म्हणजे चाकांवरचं घरच. ओटा, फ्रिज, पलंग, मोरी, सगळं आत. थंडी पडायच्या आधी ते नवरा-बायको दोन दिवस तिच्यामागे असतात. टाकीतलं, नळांतलं पाणी थेंबही न ठेवता काढून टाकतात, कारण पाण्याचं बर्फ होताना ते फुगतं आणि नळ्या फोडतं. मग नळ्यांत न गोठणारं गुलाबी औषध सोडतात. फ्रिजचं दार उघडं, गाद्या उभ्या, खायचं सगळं बाहेर. महाराष्ट्र सरकारनंही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा अशी घरं आपल्याकडेही वाढतील. आपल्याला बर्फाची भीती नाही, पण पावसाळ्यासाठी मिटवताना याच गोष्टी कराव्या लागतील, गॅसचा कॉक बंद करण्यासकट. काकूंना सगळ्यात नवल वाटलं ते याचं, की त्या बाईंकडे कामांची यादी लिहिलेली होती आणि केलेल्या कामापुढे खूण होती.

काकूंनी यंदा तशीच वही केली आहे. तिच्या शेवटच्या पानावर परत आल्यावरची कामं आहेत. आधी बॉनेट उघडून आत मांजर-उंदीर नाही ना बघणं, बोळा काढणं, बॅटरी जोडणं, हवा भरणं, विटा काढणं. मग गल्लीतच हळू चालवत दोन-चारदा ब्रेक दाबून बघायचे. सुरुवातीला खरखर आवाज येतो, तो गंजाचा. थोड्या अंतरानंतर गेला नाही तर तसंच पुढे न जाता गॅरेज गाठायचं. आणि हे सगळं आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, बॅगा उघडायच्या आधी.