परदेशात सेवायात्रेला जाताय? व्हॅन कोण चालवणार, हे आधी ठरवा

हिंगोली : चर्चच्या सेवायात्रेसाठी केनिया, फिलिपिन्स किंवा इस्रायलला निघणारा गट व्हिसा, तिकीट, राहण्याची सोय सगळे आधी बघतो. गाडीचे मात्र ‘आपल्यातला कोणीतरी चालवेल’ यावर सोडले जाते. मग तिथे बारा-चौदा सीटची व्हॅन भाड्याने घेतली जाते आणि अडचण इथेच सुरू होते.

परदेशात चालवण्यासाठी लागतो तो आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, म्हणजे आयडीपी. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार भारतात तो दिला जातो. हे वेगळे लायसन्स नाही. मूळ लायसन्सची माहिती परदेशी पोलिसाला वाचता यावी, एवढेच त्याचे काम. त्यामुळे मूळ कार्डही जवळ लागतेच.

या परवान्यात वाहनांचे वर्ग ठरलेले आहेत. ‘बी’ वर्गात चालक सोडून जास्तीत जास्त आठ सीट बसतात. त्याहून मोठ्या गाडीला ‘डी’ वर्ग लागतो. साध्या कारच्या लायसन्सवर ‘बी’ मिळतो, ‘डी’ नाही. अशा चालकाच्या हातून बारा सीटच्या व्हॅनचा अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. जखमींच्या उपचारांचा खर्च मग चालकाच्या आणि गटाच्या अंगावर येतो. दोन छोट्या गाड्या घ्या किंवा सरळ तिथलाच चालक ठेवा. थोडे महाग पडेल, पण शहाणपणाचे तेच.

अर्ज कुठे?

हिंगोली जिल्ह्यातील लायसन्सधारकांना (एमएच ३८) परिवहन विभागाच्या ‘सारथी’ पोर्टलवरून अर्ज करता येतो. नियमातील शुल्क १,००० रुपये. मुदत एक वर्ष, पण लायसन्स त्याआधी संपत असेल तर तेवढीच. संपलेल्या परवान्याचे नूतनीकरण होत नाही, नवा काढावा लागतो. ऑगस्ट २०२२ पासून देशभर एकच नमुना असून त्यावर क्यूआर कोड असतो. ‘तीन वर्षांचा आयडीपी घरपोच’ अशी जाहिरात मोबाइलवर दिसली, तर पैसे भरू नका.

सगळेच देश तो मानत नाहीत. चीनमध्ये तो चालत नाही. नेपाळ-भूतानमध्ये भारतीय लायसन्सवर काम भागते, तर ब्रिटनमध्ये ते १२ महिन्यांपर्यंत चालते.

डावी की उजवी?

केनिया, युगांडा, टांझानियात आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक. इस्रायल, फिलिपिन्स, इथिओपियात उजवीकडून. कळमनुरी-हिंगोली रस्त्यावर वीस वर्षे गाडी चालवलेल्या माणसाचाही तिथे वळणावर आणि गोल चौकात घोटाळा होतो. सरळ रस्त्यावर फारसे काही वाटत नाही. इंडिकेटरही बहुधा डाव्या हाताला असतो, त्यामुळे पहिल्या दिवशी वळताना वायपर चालू होतात. लांबच्या विमान प्रवासानंतर लगेच स्टिअरिंग धरू नये. शेजारच्या सीटवर एक जागा माणूस बसवावा आणि प्रत्येक वळणावर त्याने बाजू मोठ्याने सांगावी.