वाळूतला पट

करमणुकीसाठी आंतरजाल धुंडाळताना कधी कधी अशी वस्तू सापडते की हसता हसता मनुष्य विचारात पडतो. जानेवारी २०२२ मध्ये ओमानमधील एका दगडाचे छायाचित्र असेच देशोदेशी फिरले. पोलंड व ओमान येथील पुरातत्त्वज्ञांना कुमैरा खोऱ्यातील उत्खननात तो मिळाला होता. त्यावर घरे आखलेली, घरांत वाटीसारखे खळगे कोरलेले. सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या लोकांचा हा खेळाचा पट! पट हाती आला. परंतु त्यावर खेळावे कसे, हे सांगणारा कोणी उरला नाही.

ओमानच्याच उत्तर किनाऱ्यावर याच्या अगदी उलट प्रकार आढळतो. तेथील ‘हवालिस’ या खेळाला कोरलेल्या पटाची गरजच नाही. वाळूत सात-सात खळग्यांच्या चार ओळी केल्या की झाले. दोघांच्या वाट्याला दोन-दोन ओळी. प्रत्येक खळग्यात आरंभी दोन खडे, म्हणजे एकूण ५६. एका खळग्यातील खडे उचलून पुढील खळग्यांत एकेक पेरीत जायचे. शेवटचा खडा भरल्या खळग्यात पडला तर तेथील सारे उचलून पेरणी पुढे चालू. रिकाम्यात पडला तर खेळी संपली, आणि जागा नेमकी साधली असेल तर प्रतिपक्षाचे खडे आपले. फाशांचे दान येथे नाही. त्यामुळे हरल्यावर दैवाला बोल लावण्याची सोयही नाही!

गंमत अशी की खळग्यांचा हा खेळ २००० साली नोकिया ३३१० या फोनमध्येही शिरला. त्या फोनमधील साप सर्वांस आठवतो. ‘बंटूमी’ मात्र पुष्कळांच्या विस्मरणात गेला. तो हवालिसचाच दूरचा भाऊ, दोन ओळींचा. जुन्या खेळांचे शौकीन आता त्याच्या नव्या आवृत्त्या शोधून खेळतात. यंत्र खडे स्वतःच मोजते. चूक पकडून भांडण्याची, शेजारी बसलेल्याने फुकटचा सल्ला देण्याची गोडी त्यात नाही. तथापि नियम शाबूत राहतात, हे उपकार थोडे नव्हेत.

हवालिस ओमानला बहुधा पूर्व आफ्रिकेतून आला, असे अभ्यासक मानतात. एकोणिसाव्या शतकात सुलतान सय्यद सईद यांनी आपला दरबार झांझिबारला हलविला होता. त्या सागरी मार्गाने लवंग आली, माणसे आली, दुर्दैवाने गुलामही आले. ओमानच्या किनाऱ्यावरील ‘लेवा’ नृत्य त्याच वाटेचे. सनईसारखे वाद्य फुंकीत वादक फिरतो, ढोल घुमतात, पत्र्याचा डबाही तालात बडविला जातो आणि गाण्यांत स्वाहिली शब्द ऐकू येतात. अशा मेळ्यांची हौशी चित्रणे आंतरजालावर पाहताना मॉरिशसच्या माणसाला रावानच्या तालावरचा सेगा आठवल्यावाचून राहत नाही.

आणि झाकरीही आठवते. मुंबईहून जहाजात चढलेल्या शर्तबंद मजुरांच्या गाठोड्यांत तिची पोथी नव्हती. ती कंठांत आणि पावलांत बसून आली, आणि मॉरिशसच्या मराठी वस्त्यांत गणेशोत्सवात नाचली गेली. आता तिचीही चित्रणे पडद्यावर मिळतात. ती पाहून ठेका कळतो. फेरात वळायचे केव्हा, हे मात्र शेजाऱ्याच्या खांद्याकडे पाहूनच उमगते.