शंभरांतले किती, आणि कोणते शंभर?

अब्बांना किंवा अम्मीला मोठ्या शस्त्रक्रियेसाठी दाखल करायचे असले की घरोघरी चर्चा सुरू होते. 'त्या दवाखान्यात रुग्ण जास्त दगावतात', 'इथे शंभरातले नव्वद बरे होऊन घरी जातात'. अशाच ऐकीव आकड्यांवर निर्णय होतो. आकडे खरे असले तरी ते उलटी वाट दाखवू शकतात, हे आम्ही मूतखड्याच्या एका गाजलेल्या उदाहरणावरून सांगू इच्छितो.

१९८६ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी मूतखड्यावरील उपचारांची तुलना प्रसिद्ध केली. मोठा छेद घेऊन केलेल्या ३५० शस्त्रक्रियांपैकी २७३ यशस्वी झाल्या, म्हणजे ७८ टक्के. लहान छिद्रातून दुर्बिणीने केलेल्या ३५० पैकी २८९ यशस्वी झाल्या, म्हणजे ८३ टक्के. दुर्बीणच सरस, असे कोणीही म्हणेल.

आता खड्याच्या आकाराप्रमाणे रुग्ण वेगळे करू. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान खडे असलेल्यांत मोठ्या छेदाने ८७ पैकी ८१ (९३ टक्के), तर दुर्बिणीने २७० पैकी २३४ (८७ टक्के) बरे झाले. मोठ्या खड्यांत छेदाने २६३ पैकी १९२ (७३ टक्के), तर दुर्बिणीने ८० पैकी ५५ (६९ टक्के). दोन्ही गटांत छेदाची पद्धत पुढे, पण बेरीज केली की मागे! कारण अवघड, मोठे खडे बहुतेक तिच्याच वाट्याला आले होते. आज तंत्र बरेच बदलले आहे. पण हिशेबाचा धडा तोच आहे.

'खडा मोठा असेल, तर यशाची शक्यता किती?' अशी अट घालून काढलेल्या शक्यतेला गणितात सशर्त संभाव्यता म्हणतात. जगण्यामरण्याच्या आकड्यांनाही ती लागू पडते. इतरांनी हात टेकलेले रुग्ण जो दवाखाना घेतो, तिथे मृत्यू जास्त दिसणारच. हलकेच रुग्ण घेणाऱ्याची टक्केवारी चांगली दिसते.

म्हणून डॉक्टरांना आदबीने विचारावे : याच वयाचे, आजार एवढाच वाढलेले, मधुमेहही असलेले किती रुग्ण आपण पाहिलेत? त्यांतले किती वर्षभरानंतर हयात होते? दहापैकी नऊ आणि हजारापैकी नऊशे, टक्केवारी एकच. पण भरवसा दुसऱ्यावर अधिक ठेवता येतो.

रुग्णासाठी दुआ तर आपण करतोच. सही करण्यापूर्वी एवढे विचारायलाही संकोच नको.