घाटाकडे गाडी वळवणाऱ्याचा हिशेब

पौड सोडून मुळशी धरणाच्या कडेकडेने गेले की निवे मागे टाकून ताम्हिणी येते. पावसाळ्यातल्या रविवारी इथे धबधब्यांपेक्षा गाड्याच जास्त दिसतात. पुण्यातल्या गुन्हेवार्ताहरांना मात्र हा घाट वेगळ्या कारणाने पाठ आहे. 'ताम्हिणी घाटात मृतदेह आढळला' हे वाक्य त्यांनी पुन्हा पुन्हा लिहिले आहे. खून दुसरीकडेच कुठेतरी झालेला असतो. इथे आणून टाकले जाते ते प्रेत.

कारणे उघड आहेत. दऱ्या खोल, रात्री वर्दळ नाही, मोबाइलची रेंज मध्येच जाते. पाऊस तर असा की जुलै 2024 मध्ये एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक कोसळला. रक्ताचे डाग, चाकांच्या खुणा, चेहरा, काहीच टिकत नाही. शिवाय घाटाच्या अलीकडे पुणे ग्रामीण पोलिसांची हद्द आणि पलीकडे रायगडची.

डिकीत प्रेत घेऊन निघालेला माणूस गाडी चालवताना कसला विचार करत असेल? टोलनाका कुठे आहे, कॅमेरा कुठे आहे, कोणी पाहिले तर नाही ना, याचा. फाशी होईल की जन्मठेप, हा प्रश्न त्याच्या डोक्यात फारसा नसावा, कारण आपण सापडणारच नाही या भरवशावरच तो घाट चढत असतो. फाशीने गुन्ह्याला धाक बसतो की नाही, या वादात मला इथूनच आत शिरावेसे वाटते.

हा वाद जुना आहे. चेझारे बेक्कारिया या इटालियन विचारवंताने 1764 मध्येच मांडले होते की गुन्हेगाराला शिक्षेच्या क्रौर्याचा नव्हे, तिच्या अटळपणाचा धाक वाटतो. 1975 मध्ये अमेरिकन अर्थतज्ज्ञ आयझॅक एर्लिक यांनी आकडेमोड करून उलटा दावा केला की एकेका फाशीमुळे सात-आठ खून टळतात. त्या दाव्याने अमेरिकेत मोठी खळबळ उडाली. त्यावर पुढे अनेक अभ्यास झाले आणि 2012 मध्ये तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने ते सगळे तपासले. फाशीने खून घटतात की वाढतात की काहीच फरक पडत नाही, यांपैकी काहीही या अभ्यासांवरून ठरवता येत नाही, असा तिचा निष्कर्ष होता. आपल्याकडे 1992 मध्ये 40 हजारांहून जास्त खून नोंदले गेले, 2022 मध्ये साडेअठ्ठावीस हजार. मधल्या काळात लोकसंख्या वाढली आणि 2000 नंतर प्रत्यक्षात फाशी गेले आठ जण. त्यामुळे खून कमी झाले याचे श्रेय फासाला देता येत नाही. फाशी क्वचित दिली म्हणून ते घटले, असेही अर्थात म्हणता येत नाही.

विधी आयोगाने 1967 मध्ये फाशी ठेवावी असे सांगितले. 2015 मध्ये न्यायमूर्ती अजित शहा यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने दहशतवाद आणि देशाविरुद्धचे युद्ध वगळता ती रद्द करावी, अशी शिफारस केली. डॉ. आंबेडकरांनी तर संविधान सभेतच, जून 1949 मध्ये, फाशी पूर्णपणे रद्द करण्याच्या बाजूने मत मांडले होते. फाशीची मागणी करणाऱ्या मोर्चांत त्यांची ही बाजू फारशी कोणी सांगत नाही.

आता मुळशीशेजारच्या मावळातले गहुंजे घ्या. नोव्हेंबर 2007 मध्ये रात्रपाळीला निघालेल्या एका बीपीओ कर्मचारी तरुणीवर कंपनीच्या कॅबचा चालक आणि त्याच्या साथीदाराने बलात्कार करून तिचा खून केला. दोघेही लवकरच पकडले गेले, कारण ती कोणाच्या गाडीत बसली हे लपण्यासारखे नव्हते. 2012 मध्ये पुण्यात फाशी सुनावली गेली, 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, पुढे दयेचे अर्जही फेटाळले गेले. त्यानंतर कागद सरकारी टेबलांवर पडून राहिले. फाशीची तारीख ठरली जून 2019 ची. या दिरंगाईमुळेच मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2019 मध्ये फाशीऐवजी 35 वर्षांची कैद दिली आणि डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. संतापणाऱ्यांचा संताप मला समजतो. पण दरम्यान रात्रपाळीच्या गाड्यांत सुरक्षारक्षक आले, जीपीएस आले, शेवटी उतरणारी प्रवासी एकटी महिला नसावी असे नियम आले. आज रात्री घरी परतणाऱ्या मुलीला त्या फाशीच्या आदेशापेक्षा या नियमांचा आधार जास्त आहे, असे माझे मत आहे.

उलट उदाहरण घाटापलीकडच्या रायगडचे. पेण तालुक्यात गागोद्याजवळ 2012 मध्ये जळालेले मानवी अवशेष सापडले, पण खुनाचा गुन्हा नोंदला गेला नाही. हे अवशेष शीना बोरा या तरुणीचे, असे तपास यंत्रणांनी म्हटले ते तीन वर्षांनी, आणि तेही दुसऱ्याच प्रकरणात पकडलेला एक चालक बोलला म्हणून. खटला अजून चालू आहे, दोषी कोण ते न्यायालय ठरवील. पण सापडलेल्या अवशेषांची अशी बोळवण होत असेल, तर फास कितीही जाड वळला तरी भ्यायचे कोणी?

कोपर्डीत एका मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाल्यानंतर निघालेल्या लाखोंच्या मोर्चांत फाशीची मागणी होती. त्यामागे केवळ धाकाचा हिशेब नव्हता, आमच्या मुलीच्या जिवाची किंमत समाजाने जाणावी असा हक्काचा आग्रह होता. गुन्ह्याला साजेशा शिक्षेचा हा मुद्दा धाकाच्या मुद्द्यापेक्षा प्रामाणिक आहे आणि त्याला आकडेवारीने उत्तर देता येत नाही. मात्र त्यात एक अट गृहीत धरलेली असते : माणूस तोच असला पाहिजे.

नाशिक जिल्ह्यात 2003 मध्ये एका कुटुंबावर दरोडा, बलात्कार आणि पाच खून झाले. भटक्या समाजातले सहा जण पकडले गेले. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. मार्च 2019 मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले, प्रत्येकाला पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि तपास अधिकाऱ्यांवर ताशेरे ओढले. वाचलेल्या साक्षीदार महिलेने सुरुवातीलाच पोलिसांकडच्या छायाचित्रांतून चार वेगळे चेहरे ओळखले होते. त्या चौघांचा तपास पोलिसांनी केलाच नव्हता.